वर्ष चांगलं गेलं की वाईट, एवढंच सांगा ताई

पत्र थोडं छोटं करून देतेय, बाकी शब्द तिचेच.

"ताई, वय ३४. हे वर्ष कसं गेलं असं कुणी विचारलं की माझी बोबडीच वळते. जानेवारीत टीम लीड झाले, घरात सगळे खूश, मीही. मार्चमध्ये घर बदललं, आधीपेक्षा मोठं. मे मध्ये बाबांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, उजवी बाजू गेली, १८ दिवस हॉस्पिटल. तिथे कॉरिडॉरमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन मी मीटिंगा केल्यात, एकदा म्यूट करायचं राहिलं आणि सिस्टर 'पेशंटचं कोण आहे इथे?' म्हणून ओरडल्या ते अख्ख्या टीमने ऐकलं. ऑगस्टपासून माझी सगळ्यात जवळची मैत्रीण बोलत नाही, म्हणते तुला माझ्यासाठी वेळच नसतो. नोव्हेंबरमध्ये प्रोजेक्ट बंद झाला, लीडपण गेलं आणि मला दुसऱ्या टीममध्ये माझ्याच एका ज्युनियरच्या हाताखाली टाकलं. (इथे मॅनेजरबद्दल अकरा ओळी आहेत, ओळख पटेल म्हणून मी कापल्या.) रात्री तीनला जाग येते ती येतेच. बाबा आता बरे आहेत, गेल्या आठवड्यात शर्टाची बटणं स्वतः लावली. म्हणजे तसं बघितलं तर मी नशीबवानच ना? मग सारखं रडू का येतं? वर्षाचा आढावा लिहायला तीन वेळा बसले, तीन वेळा खोडलं. प्रोजेक्ट टिकणार नाही हे मला जानेवारीतच कळायला हवं होतं, मग जबाबदारी घेतलीच नसती आणि घरच्यांकडे, मैत्रिणीकडे नीट बघितलं असतं. वर्ष चांगलं होतं की वाईट एवढंच सांगा. आणि मी कृतघ्न आहे का?
– ना इकडची ना तिकडची"

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे बाकीचं तू जरा शांतपणे वाचशील. नाही, कृतघ्न वगैरे काही नाहीयेस. दमलीयेस. आणि दमलेल्या माणसाला "पण किती चांगल्या गोष्टी झाल्या बघ ना" असं कुणी म्हटलं की तो आणखी दमतो, कारण आता त्याला दमल्याबद्दल अपराधीही वाटायला लागतं. तू तर हे स्वतःलाच म्हणतेयस, दिवसातून किती वेळा ते तुलाच माहीत.

एक जुनी यादी आहे, ती तुला सांगायलाच हवी. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे नावाच्या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी पाच हजारांवर पेशंटांच्या नोंदी चाळल्या आणि १९६७ मध्ये ४३ घटनांची एक यादी छापली, माणसाच्या आयुष्यात काय काय घडलं की त्याला किती ताण पडतो त्याचे मार्क. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, नोकरी जाणं ४७, घरच्या कुणाचं आजारपण ४४. इथपर्यंत कुणालाही पटेल. पण पुढे बघ, लग्न ५०. मोठं यश मिळणं २८. घर बदलणं २०. सुट्टीवर जाणं, हो, सुट्टीवर जायलाही १३. त्यांचं म्हणणं असं की बदल चांगला असो की वाईट, त्याच्याशी जुळवून घ्यायला शक्ती लागते ती लागतेच, शरीर काही विचारत बसत नाही की बाई हे आनंदाचं आहे ना मग मी कमी दमू का.

आणि आता तुझ्या कामाची ओळ. "कामातली जबाबदारी बदलणं", २९ मार्क. त्या एकाच ओळीत बढतीही येते, बदलीही येते आणि पदावरून खाली येणंही येतं. म्हणजे तुझा जानेवारी आणि तुझा नोव्हेंबर त्या यादीत एकाच ओळीत बसतात, दोघांनाही तेवढेच २९. मी तुझी बेरीज करून बघितली, जबाबदारी दोनदा म्हणजे ५८, लीड झालीस ते यश म्हणून २८, बाबांचे ४४, घराचे २०, वरिष्ठांशी खटके त्याचे २३, झोपेचे १६. झाले १८९. दीडशेच्या पुढे गेलात तर तब्येत बिघडण्याची शक्यता बऱ्यापैकी वाढते असा त्यांचा हिशोब होता. हे मार्क म्हणजे सरासरी आहे हां, तेव्हाच्या तिथल्या लोकांनी दिलेली, त्यामुळे १८९ हा आकडा रिपोर्टसारखा घेऊन कुणाला दाखवू नकोस. आणि जवळच्या मैत्रिणीच्या अबोल्याला तर त्या यादीत वेगळी ओळच नाही, जे मला कधीच पटलेलं नाही. पण रडू का येतं याचं साधं उत्तर मला तरी त्या बेरजेत दिसतं.

बरं, आता चांगलं की वाईट. हे तू मला विचारतेयस डिसेंबरमध्ये, नोव्हेंबरचा मार खाऊन, आणि सगळी गोम तिथेच आहे.

डॅनियल काहनमन हे मानसशास्त्रज्ञ, ज्यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना एकदा हात १४ डिग्रीच्या गार पाण्यात ६० सेकंद बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, तेच पाणी, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूच एक डिग्रीने कोमट होत जातं, म्हणजे तरी गारच, पण जरा कमी छळणारं. मग विचारलं की यातलं एक पुन्हा करायचंय, कुठलं करता? बहुतेकांनी लांबलचक असलेलं दुसरं निवडलं. जास्त वेळ त्रास, तरी तेच बरं वाटलं, का तर शेवट जरा सुसह्य होता. आपल्या आठवणीला किती वेळ काय झालं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, तिला सगळ्यात टोकाचा क्षण आठवतो आणि शेवट आठवतो. आता हे तुझ्या वर्षाला लाव. टोकाचा क्षण मे मध्ये, शेवट नोव्हेंबरमध्ये. मधले सगळे महिने गाळात.

वर्ष १ जानेवारीला सुरू होतं हे कॅलेंडर छापणाऱ्यांचं झालं. तुझं वर्ष समज १ जूनला सुरू केलं तर? तर ते सुरू होतं बाबा अंथरुणाला खिळलेत, हात उचलत नाहीये इथून, आणि आज सातव्या महिन्यात ते शर्टाची बटणं लावतायत. तीच माणसं, त्याच तारखा. मी म्हणत नाही की जूनचंच खरं धर, सप्टेंबरला सुरू केलंस तर पुन्हा रडगाणं निघेल. मला फक्त एवढं म्हणायचंय की एका वर्षाला एक मार्क हे मागणंच चुकीचंय आणि मी तो देणार नाहीये. तू तीन वेळा खोडलंस ना, ते बरोबर केलंस. तू लिहायला बसायचीस आणि थेट निकाल लिहायला घ्यायचीस, कागद तपासायच्या आधी.

कागद कुठले म्हणशील तर फोन घे. गॅलरी उघड, कॅलेंडर उघड, पाठवलेले मेल उघड. जानेवारीपासून एकेक महिना घे आणि महिन्यामागे दोन-चार ओळी लिही, एकच अट, विशेषण नको. भयंकर नको, सुंदर नको, थकवणारं नको. "मे: १८ दिवस हॉस्पिटल. तिथून इतक्या मीटिंगा. अमुक जण रात्री थांबायला आला." बस. विशेषण लिहिलं की निकाल लागला, आणि आपल्याला अजून निकाल लावायचा नाहीये. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन दिवस लागतील, एखाद्या स्क्रीनशॉटपाशी अडकून बसशील, बसू दे.

मी हे सांगतेय कारण मी स्वतः यात तोंडावर आपटलीये. काही वर्षांपूर्वी माझं एक वर्ष असंच गेलं, आणि नंतर कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगत फिरायचे की त्या वर्षी माझं कुणीही नव्हतं, एकटीने काढलं मी सगळं. चांगलं रंगवून सांगायचे, लोक च् च् करायचे, मला बरं वाटायचं. मग कधीतरी त्या वेळचा जुना फोन ड्रॉवरमध्ये सापडला, चार्ज केला, आणि कॉल लॉग बघते तर रोज रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या आसपास माझ्या भावाचा नंबर. सहा मिनिटं, चार मिनिटं, नऊ मिनिटं, परत चार. लॉग जिथपर्यंत मागे जात होता तिथपर्यंत. मी हे साफ विसरले होते. त्याला फोन करून विचारलं तर तो म्हणे, "मला तर आठवतंय तूच करायचीस." मी परत बाणाची दिशा बघितली, सगळे इनकमिंग होते. तर दोघांच्याही आठवणीचा भरवसा नाही, फोनचा आहे.

आता ते "जानेवारीतच कळायला हवं होतं". हे वाक्य मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खुपलं, मॅनेजरपेक्षाही. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जायचे होते, तेव्हा बारूक फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना आधीच विचारून ठेवलं की काय काय घडेल, प्रत्येकाची शक्यता किती टक्के वाटते. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं की तुम्ही तेव्हा किती टक्के म्हणाला होतात ते आठवून सांगा. तर ज्या गोष्टी खरंच घडल्या होत्या त्यांना लोक म्हणाले, मी तर आधीपासून जास्तच म्हणत होतो. म्हणत नव्हते. एकदा गोष्ट घडली की आपल्याला ती आधीच दिसत होती असं वाटायला लागतं, सगळ्यांनाच वाटतं, आणि तू त्यावर स्वतःला दोषी ठरवून मोकळी झालीस. त्यामुळे जानेवारीतले मेल आठवून बघू नकोस, उघडून वाच. प्रोजेक्टबद्दल तेव्हा वरून काय लिहून आलं होतं, तू काय प्रश्न विचारले होतेस, कुणाला काही कुणकुण तरी होती का. धोक्याचं काही लेखी निघालं आणि तू ते उडवून लावलं होतंस असं दिसलं तर त्यातून शिक, मी अडवणार नाही. पण बहुधा काहीच निघणार नाही. आणि बाबांना मे मध्ये काय होणार हे तर जानेवारीत कुणाच्याच मेलमध्ये नव्हतं.

लीडपण गेलं त्याबद्दल. ज्युनियरच्या हाताखाली जाणं लागतं गं मनाला, त्याला मी यादीतले मार्क देऊन उडवून लावणार नाही. पण एक तपास कर. प्रोजेक्ट बंद झाला म्हणून पद गेलं, की तुझ्या कामामुळे गेलं? तुझ्या पत्रावरून पहिलं वाटतंय पण तू लिहितेस दुसरं असल्यासारखं. मॅनेजरला हे एकदा सरळ विचार, तोंडी विचारलंस तर नंतर "आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना" म्हणून दोन ओळींचा मेल टाक. आणि जे दहा महिने टीम चालवलीस त्यात काय काय झालं, किती माणसं होती, काय वेळेत गेलं, काय अडकलं, हे आत्ता लिहून ठेव, तीन महिन्यांनी तुझ्याच लक्षात राहणार नाही आणि अप्रेझलला हात चोळत बसशील. त्या ज्युनियरला बिचाऱ्याला किंवा बिचारीला पण अवघडल्यासारखं होतच असेल. "मला हे थोडं जड जातंय पण कामात अडवणार नाही" एवढं बोलून टाकलंस तर दोघं जरा श्वास घ्याल. राजीनाम्याचा मेल लिहावासा वाटला तर लिही, पण ड्राफ्टमध्येच राहू दे, रात्री तीनला उठणाऱ्या बाईने नोकरीचे निर्णय घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

मैत्रीण. इथे मी तुझ्या बाजूने नाही पूर्ण. तिचं म्हणणं अर्धं खरं असणार, तुझ्याकडे वेळ नव्हताच, तुझा काही इलाज नव्हता ही वेगळी गोष्ट. प्रश्न हा आहे की तिला मे मध्ये काय चाललंय हे तू किती सांगितलं होतंस? मला शंका आहे की "बाबा आजारी आहेत, नंतर बोलते" एवढंच सांगितलं असणार, कारण तू मलाही "उजवी बाजू गेली" तीन शब्दांत सांगून पुढे लॅपटॉपवर गेलीस. तिला वर्षभराचा खुलासा पाठवू नकोस, लांब खुलासा वाचणाऱ्याला तो बिलासारखा वाटतो. "ऑगस्टपासून बोललो नाही, मला तुझी खूप आठवण येते, भेटायचं का?" इतकंच. उत्तर आलं नाही तर वाईट वाटेल, वाटू दे, महिन्याभराने अजून एकदा विचार. तिसऱ्यांदा नको.

आढावा लिहायचाच असेल तर तो लोकांना दाखवायचा आढावा आणि स्वतःचा आढावा हे दोन वेगळे ठेव. लोकांसाठी काहीच लिहिलं नाहीस तरी कुणाचं काही अडत नाही, खरंच. स्वतःसाठी मात्र, महिन्यांची ती बिनविशेषणाची यादी झाली की मग, सलग चार दिवस रोज १५ मिनिटं बस आणि मे महिन्याबद्दल लिही. काय झालं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही. शुद्धलेखन बघू नकोस, नंतर फाडलंस तरी चालेल. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या विद्यार्थिनीने कॉलेजच्या मुलांना असंच चार दिवस लिहायला लावलं होतं, आणि ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. हे काही जादूचं औषध नाही, नंतरच्या प्रयोगांत फायदा लहानच दिसलाय, आणि लिहून उठल्या उठल्या तर आधीपेक्षा जास्तच उदास वाटतं, ते आधीच सांगून ठेवते म्हणजे दुसऱ्या दिवशी घाबरून सोडणार नाहीस. फारच कोसळायला झालं तर मात्र बंद कर, हट्टाने पूर्ण करायची ती परीक्षा नाही.

आणि ते तीनला जाग येणं, सारखं रडू येणं, हे रोज किंवा जवळपास रोज दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, कशात रस वाटत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरकडे जा. माझ्याकडे परत लिहायच्या आधी जा. "बाबा आजारी होते म्हणून आहे, होईल ठीक" असं म्हणून पुढे ढकलू नकोस, कारण माहीत असलं म्हणून त्रास आपोआप जात नाही. जगायलाच नको असं मनात आलं, एकदा जरी आलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग आणि त्याच दिवशी मदत घे.

आता एक गोष्ट, जी मी पहिल्यांदा वाचताना पेन्सिलने खूण करून ठेवली होती. तुझ्या पत्रात मॅनेजरला अकरा ओळी आहेत. मैत्रिणीला दीड. आणि बाबांच्या बटणांना एक अर्धं वाक्य, लगेच पुढे "म्हणजे मी नशीबवानच ना". ते वाक्य तू नीट लिहिलंच नाहीस, त्याचा पुरावा करून टाकलास स्वतःविरुद्ध. मी तुला कृतज्ञ व्हायला सांगत नाहीये, मला खरोखर माहिती हवीये. पॅरालिसिसनंतर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर होते, मग वेग मंदावतो, आणि बोटांचं बारीक काम बऱ्याचदा सगळ्यात उशिरा परत येतं. बटण म्हणजे काय तर एका बोटाने आणि अंगठ्याने ते चिमटीत धरायचं, दुसऱ्या हाताने काज ताणायचं, आणि चकती तिरकी करून आरपार ढकलायची, हे सगळं ज्या हाताने मे मध्ये काहीच होत नव्हतं त्या हाताने. की डाव्या हाताने लावली? ते पण चालेल, पण ती गोष्टच वेगळी होईल.

तर पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा मॅनेजर कापून टाक, मला पाठ झालाय तो. बाबांनी वरून सुरुवात केली की खालून, किती वेळ लागला, मध्ये कुणी मदतीला हात पुढे केला का आणि त्यांनी तो झटकला का, आणि तू तेव्हा कुठे उभी होतीस, दारात होतीस की कॉलवर, ते सगळं लिही.